उतरायच्या जागा

ऊस रस्त्यावर यायला लागला की मला सायकल आठवते. या दोन्हींचा संबंध काय, असं माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात. त्यांच्या लेखी ऊस म्हणजे रसवंतीच्या दारात भिंतीला टेकवून ठेवलेला, तासलेला, शहाणा ऊस. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो दोन-दोन ट्रॉल्यांतून दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, कडेच्या बाभळींना घासत जाणारा ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या रस्त्यावरून पहिल्यांदा हद्दपार होतो तो सायकलवाला. त्याला मग दुसरी वाट शोधावी लागते. माझ्या आईला अशी वाट सापडली होती, आणि ती वाट तिची एकटीचीच आहे असं आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो.

यंदा दिवाळी होऊन गेल्यावर मी गावी निघाले. बारामती सुटली आणि एसटी एका ट्रॉलीच्या मागं लागली, ती थेट अंथुर्ण्यापर्यंत. ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधून लग्नातलं असावं तसं गाणं मोठ्यानं वाजत होतं. खिडकीतून मळीचा आंबूस गोड वास यायला लागला. हा वास आला की इंदापूर तालुक्यातल्या माणसाला थंडी वाजते, मग स्वेटर घातलेला असो वा नसो. रस्त्यावर पडलेले उसाचे तुकडे चाकांखाली चेचून चिकट झाले होते. कालव्याच्या पुलाजवळ एक म्हातारा सायकल हातात धरून उभा होता. ट्रॉल्यांची रांग संपायची वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती. पुण्यातल्या सायकलवाल्याचा चेहरा मला तेव्हा आठवला आणि हसू आलं.

मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी आठवीच्या मुलांना घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगते. कोणी सिग्नल दाखवतं, कोणी गतिरोधक. गेल्या वर्षी एका मुलीनं रस्ते काढलेच नाहीत, फक्त कुत्री दाखवली. कुठं कोणतं बसतं, कोणतं अंगावर येतं, कोणतं नुसतंच बघतं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. सायकलवाल्याचा खरा नकाशा असाच असतो. रस्ता सगळ्यांना एकच दिसतो. त्यावर आपण काय टाळतो, ते मात्र गावागणिक बदलतं.

पुण्यात सायकलवाला जीव वाचवायला वाट निवडतो. मी स्वतः शाळेत जाताना मोठा रस्ता सोडून तीन सोसायट्यांच्या बोळांतून जाते, एका मंगल कार्यालयाच्या मागून निघते आणि एका ठिकाणी चक्क फुटपाथवर चढते. तिथं चालणारे लोक माझ्याकडं रागानं बघतात, मी त्यांच्याकडं दिलगिरीनं बघते, असं आमचं रोजचं चाललेलं असतं. बारामतीत वेळ वाचवायला वाट निवडतात. तिथले रस्ते रुंद, मध्ये दुभाजक, झाडं लावलेली. आणि त्या दुभाजकाला वळसा घालायचा कंटाळा म्हणून क्लासला निघालेली पोरं बिनदिक्कत उलट्या बाजूनं येतात, तीसुद्धा अशा चेहऱ्यानं की चुकलाय तो समोरचाच. हल्ली पहाटे हेल्मेट घातलेली डॉक्टर, वकील मंडळी निघतात. ती मुद्दाम चढाची वाट धरतात. आमच्या वडिलांना, अण्णांना, हे कळत नाही. “चढ हाय म्हायीत असून तिकडनं जात्यात?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. इंदापुरात गेलात तर निराळंच. तिथं माणूस भेटीगाठींसाठी वाट निवडतो. बाजारात सायकल चालवण्यापेक्षा हातात धरून चालणारे जास्त. हँडलला पिशव्या, कॅरियरला दुधाचा कॅन, आणि दोघं शेजारी-शेजारी चाललेत, मागून हॉर्न वाजतोय, आणि यांचं लग्नाच्या याद्यांचं बोलणं संपत नाही.

आणि आमच्या गावात सायकलवाला वाट निवडायचा ती कुठं उतरावं लागेल, हे बघून.

सायकलवरून उतरायच्या जागा ठरलेल्या होत्या. मारुतीचं देऊळ आलं की उतरायचं. पिंपळाखालच्या दगडी पारावर थोरली माणसं बसलेली असत, तिथं उतरायचं आणि पार ओलांडून चार पावलं पुढं जाईपर्यंत सायकल हातात धरायची. समोरून एखादे तात्या, एखादे आबा येताना दिसले तर तिथंही उतरायचं. शिक्षा कुणी करत नसे. पण न उतरता गेलेल्या पोराच्या घरी संध्याकाळी कुणीतरी सहज म्हणायचं, “तुमचा बाळ्या लई घाईत हुता आज.” तेवढं पुरायचं. पुरुषमाणसं उतरत, पोरं उतरत, शाळेच्या मुली उतरत. लग्न झालेल्या बायकांचा नियम कुणाला ठाऊक नव्हता, कारण लग्न झालेली बाई सायकल चालवतच नव्हती.

आमच्या घरातून सडकेला जायचं तर तो पार ओलांडावाच लागतो. आणि त्या पारावर, पिंपळाच्या बुंध्याला पाठ लावून, सकाळ-दुपार माझे आजोबा बसलेले असत. गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्हीही आबाच म्हणायचो. आई त्यांना मामंजी म्हणे. म्हणे म्हणजे आमच्याशी बोलताना. त्यांच्याशी ती थेट बोलत नसे. “मामंजींना सांग, च्या झालाय,” असं ती मला सांगायची, आणि चहाचा कप घेऊन ती स्वतःच त्यांच्यापुढं उभी असायची. आबाही मग माझ्याकडं बघून म्हणायचे, “तुझ्या आईला सांग, साखर कमी घालाय.” लहानपणी मला वाटायचं, मी घरात नसते तेव्हा ही दोघं काय करत असतील.

माझी बारावी होती त्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधीच आई आणि मी बारामतीलगतच्या जळोचीला खोली घेऊन राहिलो. बारामतीचे क्लास, कॉलेज, आणि गावाहून रोज येणं-जाणं जमेना, म्हणून. आमच्याकडं ही पद्धतच आहे. पोरगं बारावीला गेलं की आई त्याच्याबरोबर बारामतीला, बाप रानात. अण्णा कालव्याच्या पाण्याची पाळी सांभाळत गावी राहिले, आबांच्या भाकरीची सोय चुलतीकडं झाली. जळोची तेव्हा आजच्यासारखी भरलेली नव्हती. निम्मी शेतं, निम्मे प्लॉट. मुरूम टाकून सरळ आखलेले रस्ते होते, त्यांच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड होते, आणि घरं मात्र नव्हती. कुणी राहत नाही अशा कॉलनीतले ते रस्ते संध्याकाळी फार सुंदर दिसायचे. लांबवर गाजर गवत, त्यापलीकडं उसाचा हिरवा काठ, आणि कुठंतरी पाचट पेटवल्याचा धूर.

दुपारी मी अभ्यासाला बसले की माझी सायकल दारात नुसती उभी असायची. पहिल्यांदा आई ती पुसायला लागली. मग एके दिवशी म्हणाली, “जरा फिरवून आणती,” आणि सायकल हातात धरून, गाय फिरवून आणावी तशी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. दुसऱ्या दिवशी एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्या पायानं रेटत लंगडी घालत गेली. मी पुस्तकातून डोकं वर काढून बघतच राहिले. आईचं माहेर सांगवीचं. तिथं तिचा भाऊ सायकल शिकत असताना हिनं मागून कॅरियर धरून पळायचं काम केलेलं. “म्या धरलं म्हणून त्यो शिकला,” ती म्हणाली. “मला कुणी धरलं न्हाय.” हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही. कांदा निवडत होती, निवडता निवडता सांगितलं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चल, मी धरते.

त्या रिकाम्या कॉलनीत मी आईच्या मागं पळाले, तसं त्यानंतर कधी कुणाच्या मागं पळाले नसेन. पदर कमरेला खोचलेला, साडीच्या निऱ्या वर ओढलेल्या, दात घट्ट आवळलेले. पडली, कोपर सोललं, उठली. आणि एका संध्याकाळी मी कॅरियर सोडलं ते तिला कळलंच नाही. सरळ गेली, वळली, परत आली, माझ्या समोरून पुढं गेली. चेहरा असा फुललेला की मला ती ओळखू येईना. दुसऱ्या फेरीला मात्र ओरडली, “अगं, पण उतरायचं कसं त्ये सांग की.” ते शिकवायचं राहूनच गेलं होतं. मी शेवटी मधे उभी राहून सायकल अंगावर घेतली आणि आम्ही दोघी मुरमात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. आजही कुणी मला सुखाचा दिवस विचारला तर मी तो सांगेन, बारावीचा निकाल नव्हे.

त्या रात्री भाकरी थापताना तिचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. मी म्हटलं, आता गावी गेल्यावर तुला रानात जायला बरं होईल. ती म्हणाली, “गावात कुठली गं. मामंजी पारावर बसल्याले असत्यात. त्यांच्या म्होरनं म्या सायकलीवर बसून जाऊ व्हय?” मी म्हटलं, उतरून जा. ती म्हणाली, “उतरल्यावर बी दिसतंयच की, बसून आली हुती म्हणून.” तिनं शिकलेली ही एकच गोष्ट होती जी तिला स्वतःसाठी हवी होती, आणि ती जळोचीच्या रिकाम्या रस्त्यांवरच ठेवून यायची तिची तयारी चाललेली बघून मला रडू आलं.

आबा एकदा न कळवता जळोचीला आले. ज्वारीच्या पिठाचं बोचकं घेऊन एसटीनं. आई तेव्हा सायकलीवर कॉलनीच्या लांब टोकाला होती. लांबूनच तिला त्यांचा फेटा दिसला असावा, कारण ती घरापाशी आली ती सायकल हातात धरून, पदर डोक्यावर. पण निऱ्यांना मुरूम लागलेला होता आणि श्वास लागलेला होता. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. सायकलीकडं बघितलं. वाकून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं आणि मला म्हणाले, “हवा कमी हाय.” मग स्वतः ती सायकल हातात धरून नाक्यावरच्या दुकानात नेली, हवा भरून आणली, दारात लावली आणि चहा पिऊन गेले. आईनं दोन दिवस सायकलीला हात लावला नाही. “न्हाय आवडलं त्यास्नी,” एवढंच म्हणाली. आबा न बोलता गेले म्हणजे नाराज होऊन गेले, हा अर्थ आम्ही दोघींनी लावला. न बोलण्याचे आणखीही अर्थ असतात, हे कळायला मला आणखी अर्धं आयुष्य लागलं.

परीक्षा झाली, मी पुण्याला गेले, सायकल गावी गेली. त्याच वर्षी आईला कालव्यापलीकडच्या वस्तीवर अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं. चालत जायला लांब. सडकेनं जायचं तर पार, आणि हंगामात वर ट्रॉल्या. तेव्हा आईनं आपली वाट शोधून काढली. आमच्या परड्यातून मागं निघायचं, चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटाच्या, कडेकडेनं जायचं, त्यावरची एक लहानशी दगडी मोरी ओलांडून कालव्याच्या भरावावर चढायचं आणि पाण्याच्या सोबतीनं वस्तीपर्यंत. लांबचा फेरा, पण या वाटेवर ना पार, ना देऊळ, ना कुणी तात्या. दोन्ही बाजूंना बाभळी मात्र दाट. गावातले सायकलवाले त्या वाटेला जातच नसत, कारण बाभळीचा एक काटा म्हणजे एक पंक्चर, हा आमच्याकडचा साधा हिशोब. शाळेत असताना सडकेनं जाऊनसुद्धा माझ्या ट्यूब इतक्या फुटायच्या की त्यांच्या पट्ट्या कापून आबांनी घरातल्या सगळ्या अवजारांच्या मुठींना गुंडाळल्या होत्या. खुरपं, कुदळ, कोयता, सगळ्यांना काळ्या रबरी मुठी. हाताला घट्टे पडत नाहीत, म्हणायचे.

आईची सायकल मात्र कधी पंक्चर झाली नाही. उन्हाळ्यात नाही, वारं सुटायच्या दिवसांत नाही, कधीच नाही. पंक्चर काढणारा दत्तूमामा चेष्टेनं म्हणायचा, “वयनी, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली तर माझं दुकान बसायचं.” आई म्हणायची, हात हलका पाहिजे. आम्ही ते मानलं होतं. त्याच काळात आबांच्या वहाणांच्या तळव्यांत मात्र रोज काटे. आई संध्याकाळी ओसरीवर बसून सेफ्टी पिनेनं ते काढायची आणि पुटपुटायची, “भल्या सकाळी कुठं काट्याकुट्यात फिरत्यात कुणास ठावं. ह्या वयात गप बसावं की न्हाय.” मी सुट्टीला गेले की ते काटे मोजायचा खेळ करायची. पांढरे, लांब, टोकाला तांबूस.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई माझ्याकडं पुण्याला आली होती. मी म्हटलं, इथं तुला कुणी ओळखत नाही, खुशाल सायकल काढ. ती माझी सायकल घेऊन सकाळी भाजीला जायला लागली. मंडई दहा मिनिटांवर, पण ही तासाभरानं यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मी मागोमाग गेले. आमच्या कोपऱ्यावर ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे. सात-आठ आजोबा पेपर वाचत, राजकारणावर भांडत बसलेले असतात. आई कट्टा दिसताच ब्रेक दाबून उतरली, पदर सारखा केला आणि मान खाली घालून सायकल हातात धरून चालायला लागली. त्यासरशी कट्ट्यावरचे दोघे उठून आले. एक म्हणाले, “ताई, रोज इथंच कशी हो चेन पडते तुमची? आणा, मी बसवतो.” आणि खरंच खाली बसून चेन बघायला लागले. आई नको नको म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, “चेन न्हाय पडली. तुमी बसलायसा म्हणून उतरते.”

चेन बघणारे आजोबा हाताला लागलेलं काळं रुमालाला पुसत उठले. “आमच्यासाठी?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. दुसरे म्हणाले, “अहो, आमच्या घरी आम्ही आलो तर कोणी टीव्हीचा आवाज कमी करत नाही.” त्या दिवसानंतर आई लांबून येताना दिसली की कट्ट्यावरची मंडळी पेपर खाली ठेवून, पाय जवळ घेऊन नीट बसायची. आई उतरायची, ते मान हलवायचे, ती पुढं जाऊन पुन्हा बसायची. पुढं तिच्या वाटेत दुसरा कट्टा होता, मग दत्ताचं देऊळ, मग तिसरा कट्टा. तासभर का लागतो ते मला कळलं. पुण्यात दुचाकीवाले ॲम्ब्युलन्सला थांबत नाहीत आणि माझी आई अनोळखी म्हाताऱ्यांसाठी सायकलवरून उतरते, याचं मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला. घरी आल्यावर मी म्हटलं, आबा तर इथं नाहीत. ती म्हणाली, “कुणाचं तरी असतील की आबा.”

यंदा दिवाळीनंतर आबा गोठ्यापाशी घसरले. खुबा मोडला. बारामतीला ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले, आता चालणं अवघड. बाज अंगणात, उन्हाला. नव्वदी गाठलेला देह वाळून गेलेला, कान तेवढे शाबूत. आईचा फोन आला तेव्हा ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “मामंजींनी अंथरूण धरलं आन माझ्या सायकलीनं बी. आठवड्यात तीनदा पंक्चर. दत्तूदाजी म्हणत्यात, टायर बदला.” मी तेव्हा नुसतं हं हं केलं.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर मागच्या वाटेनं निघाले. दत्तूमामानं आदल्याच दिवशी नवं टायर घातलं होतं, म्हणून ती सायकल हातात धरून चालली होती. ऊन कोवळं होतं, चारीला पाणी नव्हतं, तळाला ओली रेघ तेवढी. वाटभर काटे पसरलेले. जुने, करडे, नवे, पांढरे. आई थबकली. “हे कधी नव्हतंच गं,” ती म्हणाली. “इतकी वर्सं झाली, ह्या वाटंला काटाच नव्हता.” बाभळी तर त्याच होत्या. मग मोरीपाशी आलो, आणि मोरीच्या दगडाखाली, ऊन-पाऊस लागू नये असं आत सारून ठेवलेलं काहीतरी मला दिसलं. ओढून काढलं. झिजून निम्मा झालेला खराटा होता. मुठीला काळ्या ट्यूबची पट्टी, घट्ट, नीट गुंडाळलेली.

आईनं सायकल बाभळीला टेकवली आणि खाली बसली. खराटा मांडीवर घेतला. मूठ चाचपून बघत राहिली. तिला वहाणांतले काटे आठवत असणार, कारण मलाही तेच आठवत होते. ते सगळे तिच्या चाकांचे काटे होते. बारा महिने, तांबडं फुटायच्या आधी जाऊन तो म्हातारा ते झाडत होता, आणि राहिलेले स्वतःच्या पायांनी घरी आणत होता, आणि संध्याकाळी ती ते काढताना त्यालाच बोलत होती. आई रडली. मी तिला रडू दिलं. घरी येताना अण्णा गोठ्यात दिसले, त्यांना मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते वैरण टाकता टाकता म्हणाले, “व्हय. मला वाटलं, तिला ठावं हाय.”

आई अंगणात गेली आणि तो खराटा आबांच्या बाजेला टेकवून ठेवला. आबांनी मान वळवून बघितलं. मग माझ्याकडं डोळे वळवले. “तुझ्या आईला म्हणावं, आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं.”

मी काही सांगायच्या आत आई बोलली. थेट त्यांच्याशी, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. “मामंजी, सांगायचं न्हाय व्हय?”

आबा म्हणाले, “काय सांगू? तू मागनं जायचीस, मला दिसू नये म्हणून. म्या बोललो असतो तर तेबी बंद केलं असतंस.”

हे खरं होतं. आईनंही मान हलवली.

“चालीवतीस कशी, ते काय म्या कधी बगितलं न्हाय,” आबा म्हणाले. “यकदा दाव.”

“तुमच्या म्होरं?”

“म्होरंच. मागनं मला कसं दिसंल?”

आई माझ्याकडं बघायला लागली, जळोचीला पहिल्या दिवशी बघत होती तशी. मी म्हटलं, धरू का? ती नको म्हणाली. सायकलवर बसली. साठीला आलेली माझी आई अंगणात, तुळशीभोवतीनं, कडब्याच्या गंजीला वळसा घालून आली, आणि बाजेसमोर येताच सवयीनं ब्रेक दाबून उतरली. पदर डोक्यावर घेतला. आबांनी चादरीतून हात बाहेर काढून हलवला. “न्हाय. उतरायचं न्हाय.” ती पुन्हा बसली, पुन्हा फेरी मारली. बाजेपाशी आल्यावर तिचा पाय खाली यायला निघाला, तिनं तो परत पायडलवर घेतला आणि तशीच पुढं गेली. आबांची मान उशीवर जेवढी वळेल तेवढी तिच्याबरोबर वळत होती. ते हसत होते का ते सांगता येत नाही, तोंडात दात नव्हते. पण डोळे मी बघितले.

“अंगणात काय बगायचं,” ते म्हणाले. “जा की सडकंनं. पारावरनं जा.”

आईनं हँडल दाराकडं वळवलं. मग पुढच्या दारानं, लग्न होऊन ज्या दारानं आत आली होती त्या दारानं, सायकलवर बसूनच बाहेर पडली. घंटा वाजवत गेली. मी दाराकडं निघाले, तेवढ्यात आबांनी मला हाताला धरून बाजेवर बसवलं. “गप. ऐकू दे,” म्हणाले.

आम्ही ऐकत बसलो. घंटा गल्लीतून गेली. सडकेवरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्या गाण्यात ती बुडाली आणि आबांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. गाणं लांब गेलं. घंटा पुन्हा ऐकू यायला लागली. आयुष्यभर ते त्या पारावर बसलेले, घरापासून तिथवरचं अंतर त्यांना कानानं ठाऊक होतं. “मारुतीचं वळण,” ते पुटपुटले. थोड्या वेळानं म्हणाले, “आता पार.” पारावर आता त्यांच्या वयाचं कुणी नव्हतं, पण माणसं असणारच. घंटा थांबली नाही. बारीक होत, पिंपळाच्या पलीकडं, कालव्याच्या पुलाकडं गेली.

आबांनी डोळे मिटले आणि माझा हात सोडला.

“न्हाय उतरली,” ते म्हणाले.